शारदाचा पत्ता

तुम्ही विश्वास ठेवा, असा माझा आग्रह नाही.

पण यातलं एकही माणूस मी रचलेलं नाही. नावंसुद्धा खरीच ठेवली आहेत. लोक अशा वेळी नावं बदलतात, मला माहीत आहे. मला नाव बदलायची भीती वाटते.

का, ते शेवटपर्यंत वाचलंत तर कळेल.

भुताची गोष्ट म्हटली की रात्र लागते, सुनसान रस्ता लागतो. इथे तसलं काही नाही. साल १९९९, महिना मार्च. बंगळूरमधलं बसवनगुडी. आणि जे काही झालं ते भर दुपारी झालं, बाहेर रिक्षा आणि भाजीवाले ओरडत असताना.

मी मुग्धा. तेव्हा पुण्याहून कामासाठी बंगळूरला आले होते आणि मावसबहिणीकडे, श्यामलाताईकडे राहत होते. लहानपणी प्रत्येक मे महिन्यात आम्ही दोघी एका गादीवर झोपायचो. ती मला 'चिमे' म्हणायची. दुसरं कुणी म्हटलेलं मला चालायचं नाही आणि दुसऱ्या कुणाला ते माहीतही नव्हतं.

ताईचे यजमान विनोदकुमार. मी त्यांना भाऊजी म्हणायचे. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्या बंगळूरचं. घरात मराठीच, पण तिच्यात अर्धी कन्नड मिसळलेली. गांधी बाजारातलं कापडाचं दुकान भाऊजींचे थोरले भाऊ बघायचे. भाऊजींना दुकानात रस नव्हता. त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर मांडले होते आणि त्या कामात मी त्यांना मदत करत होते.

ताई त्यांची दुसरी बायको.

पहिली, सातवा महिना चालू असताना तापाने गेली होती. बाळासकट.

ताईचं लग्नात नाव बदललं. त्यात नवल काही नाही, तेव्हा सर्रास बदलायचे. पण ताटातल्या तांदळावर भाऊजींच्या आईने, म्हणजे अक्कांनी, जे नाव लिहायला लावलं ते होतं 'शारदा'.

पहिलीचं नावही शारदाच होतं. तेही अक्कांनीच ठेवलेलं. तिचं माहेरचं नाव काय होतं, ते त्या घरात कुणी कधी उच्चारलेलं मी ऐकलं नाही.

वर ताईच्या गळ्यात चांदीचा टाक असायचा. पहिल्या बायकोचा. दुसरीने तो गळ्यात घालायचा, म्हणजे पहिलीचा कोप होत नाही, ही रीत तुमच्यापैकी काहींनी ऐकली असेल. नावाची रीत मात्र मी त्या एकाच घरात पाहिली.

मी आल्या आल्याच अक्कांना याबद्दल विचारलं होतं. मला गप्प बसवत नाही. त्या गवारी मोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ती गेली तेव्हा घरात शारदा होती. आजही घरात शारदाच आहे. दुसरी कोण आलीच नाही, असं तिला वाटू दे. वाटलं की ती गप्प असते. अष्टे."

अष्टे, म्हणजे एवढंच.

मला भयंकर राग आला होता. ताई मात्र हसायची. म्हणायची, "मी काय गं चिमे, भाड्याने राहते त्या नावात."

अक्कांची एक कुरकूर तेवढी रोजची होती. कॉफीच्या फिल्टरमध्ये उकळतं पाणी ओतलं, की पहिली शारदा झाकणावर दोन टिचक्या मारायची. टक्, टक्. डिकॉक्शन लगेच झरझर उतरायचं. ताई पाणी ओतायची आणि विसरून जायची. अक्का म्हणायच्या, हिला कॉफीचं प्रेम नाही.

त्या दोन टिचक्या लक्षात ठेवा.

भाऊजी तेव्हा बंगळूरमधल्या एका मराठी मंडळासाठी वेबसाइट करत होते. मंडळातल्या प्रत्येक माणसाचं एक पान. लिहीत होते पायथन नावाच्या भाषेत. कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर ती त्यांना सापडली होती. आमच्या ओळखीत तिचं नावही कुणी ऐकलेलं नव्हतं. "तुमचं अजगर आज काय म्हणतंय?" असं मी त्यांना चिडवायचे.

त्या काळी वेबसाइटचे पत्ते फार रुक्ष असायचे. स्क्रिप्टचं नाव, मग प्रश्नचिन्ह, मग आकडे. भाऊजींना ते नको होतं. त्यांचं म्हणणं, मंडळातली म्हातारी माणसं आकडे कशाला लक्षात ठेवतील? मंडळाच्या पत्त्यापुढे एक तिरकी रेघ द्यायची आणि नाव लिहायचं. गुंडूराव लिहिलं, की गुंडूरावांचं पान समोर आलं पाहिजे.

त्यासाठी त्यांनी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. मी त्याला दारवान म्हणायचे.

कुणी कुठलंही पान मागितलं, तरी मागणी आधी दारवानाकडे यायची. त्याच्याजवळ ओळी असायच्या. ओळीत एका बाजूला नाव आणि दुसऱ्या बाजूला त्या नावाने आलेल्याला कुठल्या पानाकडे पाठवायचं ते. दारवान वरून खाली वाचत जायचा. नाव जुळलं, की आत सोडायचा. नाही जुळलं, तर 'असं पान नाही' म्हणून परतवून लावायचा.

दारात कोण आलंय, ते तो बघत नव्हता. तो फक्त नाव बघायचा.

भाऊजींनी त्याला आवाजही लावला होता, म्हणजे जेवत असले तरी कळावं. पान सापडलं, की एक बीप. नाही सापडलं, तर दोन.

साइट अजून बाहेर इंटरनेटवर गेलेली नव्हती. खोलीतली दोन मशीनं वायरने एकमेकांना जोडलेली, एवढाच तिचा संसार. म्हणजे बीप वाजला, तर आम्हा दोघांपैकी कुणीतरी काहीतरी दाबलेलं असणारच. दुसरं कुणी असायचा प्रश्नच नव्हता.

ताईला तेव्हा सातवा लागला होता.

अक्का भावाकडे मल्लेश्वरमला गेल्या होत्या. त्या घरी असत्या, तर पुढचं काही घडलंच नसतं.

जेवताना भाऊजी ताईला म्हणाले, की साइटवर तुझं पान 'शारदा' नावाने आहे, ते मी बदलतो. तुझ्या नावाने करतो. श्यामला.

ताईचा हात भातातच थांबला.

"खरंच?" एवढंच ती म्हणाली. मग पदराने डोळे टिपत बराच वेळ हसत राहिली. मला भाऊजींबद्दल इतकं बरं त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

जेवण झाल्यावर आम्ही तिघं पुढच्या खोलीत आलो. भाऊजींनी दारवानाच्या ओळींमधली 'शारदा' खोडली. तिथे 'श्यामला' लिहिलं. मी दुसऱ्या मशीनवर ते नाव टाइप केलं.

एक बीप.

ताईचा फोटो समोर आला. खाली तिचं नाव, तिचं गाव, तिचं शिक्षण.

"चिमे, बघ गं," ती म्हणाली, "सापडले मी."

उकाडा होता. टाकाच्या दोऱ्याने तिची मान लाल झाली होती. तिने तो काढून टेबलावर ठेवला आणि तिथेच खाली चटईवर आडवी झाली. भाऊजी कॉफी पावडर आणायला गांधी बाजारात गेले. मी ताईच्या शेजारी मासिक चाळत बसले.

पंखा फिरत होता. ताईला डोळा लागला होता.

आणि...

दोन बीप.

मी मान वर केली. कीबोर्डवर कुणाचा हात नव्हता. खुर्च्या रिकाम्या होत्या.

वाटलं, काहीतरी बिघडलं असेल. या यंत्रांना काहीही होतं.

परत दोन बीप.

मी उठून स्क्रीन बघितला. कुठलं पान मागितलं गेलं, ते तिथे उमटायचं. एकच शब्द उमटला होता. माझ्या डोळ्यांदेखत त्याच्याखाली तोच शब्द पुन्हा उमटला.

शारदा.

दोन बीप.

शारदा.

दोन बीप.

भाऊजी येईपर्यंत मी टेबलाजवळ तशीच उभी होते. ताईला उठवलं नाही. भाऊजींनी आधी वायर तपासली. मग दुसरं मशीन बंद करून वायरच काढून टाकली. आता मागायला कुणी उरलंच नव्हतं.

...दोन बीप.

मी म्हटलं, मशीन बंद करा. ते म्हणाले, "स्वल्प थांब."

मग ते खुर्चीवर बसले आणि स्क्रीनकडे बघत राहिले. तो शब्द एकाखाली एक उमटत होता. घाई नव्हती त्यात. दार वाजवून, थोडं थांबून, परत वाजवावं तसं.

"ती विचारतेय," भाऊजी हळूच म्हणाले. "तिच्याजवळ तेवढं एकच नाव होतं गं. 'असं कुणी नाही' म्हणून किती वेळा परतवून लावू?"

माझ्या अंगावर काटा आला. पण खरं सांगते, त्यांची दयाही आली.

त्यांनी कपाटाच्या तळातून एक फोटो काढला. नऊवारी नेसलेली, कपाळावर ठसठशीत कुंकू असलेली बाई. अंगाने बारीक. डोळे थेट बघणारे. त्यांनी तो फोटो मशीनमध्ये घेतला, एक पान केलं, खाली 'स्मृती' एवढंच लिहिलं. आणि दारवानाच्या ओळींत 'शारदा' परत घातली. या वेळी तिच्यापुढे हे पान होतं.

बीप.

एकच.

त्यानंतर स्क्रीनवर काही उमटलं नाही. खोली एकदम शांत झाली.

आणि स्वयंपाकघरातून आवाज आला...

टक्. टक्.

ताई चटईवर झोपलेली होती. मी खोलीत होते. भाऊजी खोलीत होते. अक्का मल्लेश्वरमला होत्या.

मी भाऊजींकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर भीती असेल, असं मला वाटलं होतं. नव्हती. ते कान देऊन ऐकत होते. बऱ्याच दिवसांनी ओळखीचं कुणी भेटल्यासारखे.

टिचक्यांपेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटली.

मी धीर करून स्वयंपाकघरात गेले. कुणी नव्हतं. ओट्यावर फिल्टर होता. मी वाकून कान लावला. आत डिकॉक्शन थेंब थेंब पडत होतं.

त्यात पाणी कुणीच ओतलेलं नव्हतं.

पुढचे दिवस मला सांगतानाही नीट जुळवता येत नाहीत. दिसलं काहीच नाही. फक्त ताई कमी होत गेली.

हे कसं सांगू? ती समोर असायची, पण लोकांचं तिच्याकडे लक्षच जायचं नाही. रोज सकाळी एक फुलवाली फाटकाशी यायची. "शारदम्मा, हू बेका?" असं ओरडायची, म्हणजे फुलं हवीत का. ताई जाऊन गजरा घ्यायची. त्या सकाळी ताई तिच्यासमोर उभी होती, हात पुढे केलेला. फुलवाली तिच्या खांद्यावरून घरात बघत होती. मला म्हणाली, शारदम्मा येतातच आहेत, मी थांबते.

ताईने हात मागे घेतला.

जेवायला बसताना भाऊजी एका रिकाम्या पाटाकडे बघायचे आणि मग दचकून ताईकडे बघायचे. तीन माणसांची कॉफी केली, तरी पेले चार भरलेले असायचे.

आणि एका दुपारी ताईने माझा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला.

"चिमे, बाळ हलत नाही गं नीट."

आम्ही डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. त्यांनी ठोके ऐकवले. म्हणाल्या, ठोके ठीक आहेत, आराम करा. ताई रिक्षात पोटाभोवती दोन्ही हात घट्ट धरून बसली होती. घरी आल्यावर मला म्हणाली, की दुपारी डोळा लागला की कुणीतरी शेजारी येऊन बसतं. काही करत नाही. फक्त पोटाकडे बघत बसतं.

मी भाऊजींना ते पान काढायला सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. ताईने सांगितलं, तेव्हा 'उद्या काढतो' म्हणाले. मला आजही त्या माणसाचा राग येतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का परत आल्या.

मी आणि ताई पुढच्या खोलीत होतो. ताई खुर्चीवर, मी तिचे पाय चेपत खाली. अक्कांनी पायरीवर चपला काढल्या, पिशवी खाली ठेवली आणि नेहमीसारखी हाक मारली.

"शारदा, पाणी आण गं."

ताईने उत्तर द्यायला तोंड उघडलं.

आणि स्वयंपाकघरातून...

"आले."

स्पष्ट. बाईचा आवाज. जरासा बसका, कामात असल्यासारखा.

ताईचं तोंड उघडंच राहिलं. माझ्या हातातला तिचा पाय बर्फासारखा गार पडला.

अक्का दारात थिजल्या होत्या. त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं नाही. आधी ताईच्या गळ्याकडे पाहिलं. तिथे टाक नव्हता.

"काय केलंत?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. दारवान, ओळी, नाव. मला वाटलं होतं, कॉम्प्युटरचं त्यांना काही कळणार नाही. त्यांना माझ्याआधी कळलं. भाऊजी आतून आले, तेव्हा त्या त्यांच्याकडे वळल्या.

"मी एक ठेवली होती," त्या म्हणाल्या. "तू दोघी केल्यास."

भाऊजी म्हणाले, की अक्का, ती कुणाला त्रास देत नाही, तिला फक्त जागा हवी होती.

"हिला सातवा आहे," अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज चिरकला. "तीही सातव्यातच गेली. रिकामी गेली ती, विनोद. रिकाम्या हाताने परत जाईल काय? एक कर. आत्ता."

तेव्हा पहिल्यांदा मला भाऊजींच्या चेहऱ्यावर भीती दिसली.

ते मशीनसमोर बसले. काम अगदी साधं होतं. 'श्यामला' ही ओळ खोडायची. आणि 'शारदा' या ओळीपुढचं पहिलीचं पान काढून तिथे ताईचं लावायचं. झालं. पूर्वी होतं तसं. एक नाव, एक बाई.

अक्कांनी टाक शोधून आणला आणि ताईच्या गळ्यात बांधायला लागल्या. घाईत गाठ बसत नव्हती. मी ताईचा हात धरून बसले होते. स्वयंपाकघरात भांडं हलल्याचा आवाज आला.

भाऊजींनी 'श्यामला' खोडली. जतन केलं.

आणि वीज गेली.

पंखा हळूहळू थांबला. स्क्रीन काळा झाला. बॅटरीचा डबा होता, पण तो कधीचाच बसला होता. बाहेर सगळीकडे ऊन होतं आणि गल्लीत एकाएकी एकही आवाज नव्हता.

'श्यामला' नावाची ओळ आता नव्हती. 'शारदा' नावाची होती. आणि तिच्यापुढे अजून पहिलीच होती.

हे माझ्या डोक्यात तेव्हाच आलं. आधी 'शारदा' बदलून मग 'श्यामला' खोडली असती तर? पण मशीनवर हात माझे नव्हते.

टक्. टक्.

स्वयंपाकघरातून.

टक्. टक्.

मधल्या बोळातून.

ताईने माझा हात घट्ट दाबला. "चिमे," ती म्हणाली. "चिमे, मला..."

टक्. टक्.

खोलीच्या चौकटीवर. आमच्यापासून हातभर अंतरावर. तिथे कुणीच नव्हतं.

मी ताईला घट्ट धरून ठेवलं होतं. देवाशपथ सांगते, सोडलं नव्हतं.

वीज नव्हती. मशीन बंद होतं.

आणि बीप वाजला.

एकच.

ताईचा हात माझ्या हातात सैल पडला. मग त्यात परत जोर आला. पण तो आता माझा हात धरत नव्हता. सोडवून घेत होता.

ती खुर्चीवरून उठली. एका हाताने कमरेला आधार देत, सवयीने पदर खोचत.

"अम्मा, किती उकडतंय," ती म्हणाली. "थांबा, कॉफी टाकते."

ताई अक्कांना कधी अम्मा म्हणाली नव्हती. पण आवाज ताईचाच होता. जरासा बसका.

अक्का तिच्याकडे बघत राहिल्या. हातात टाक तसाच होता, गाठ बांधायची राहिलेला. ती स्वयंपाकघरात गेली. पाणी उकळल्याचा आवाज आला, ओतल्याचा आला. आणि मग ज्याची आम्ही तिघं वाट बघत होतो, तो.

टक्. टक्.

वीज आल्यावर भाऊजींनी राहिलेलं काम पुरं केलं. 'शारदा' टाइप केलं, की ताईचा फोटो यायचा. सगळं बरोबर झालं होतं. त्याच संध्याकाळी बाळाने पोटात अशी लाथ मारली, की साडी हललेली मला दिसली.

मुलगी झाली. सुखरूप. तिचं नाव भव्या.

बाळ झाल्यावर मी फार दिवस राहिले नाही तिथे. मल्लेश्वरमला मुलींच्या हॉस्टेलमध्ये जागा घेतली, दुसरी नोकरी धरली. पण जेवढे दिवस होते, तेवढे बघत होते. ताईला कन्नड कधी धड आली नव्हती. आता ती फुलवालीशी घासाघीस करून गजरा घ्यायची. मला 'मुग्धा' म्हणायची. प्रेमाने म्हणायची, पण मुग्धाच.

निघण्याआधी मी अक्कांना टाकाबद्दल विचारलं, कारण तो परत तिच्या गळ्यात मी पाहिला नव्हता. त्या बाळाच्या डोक्याला तेल लावत होत्या.

"आता बेडा," त्या म्हणाल्या. आता नको, त्याची गरज नाही.

भाऊजी मला रिक्षापर्यंत सोडायला आले. मी त्यांना सरळ विचारलं, भाऊजी, ती कोण आहे?

त्यांनी बॅग रिक्षात ठेवली. "माझी बायको आहे," म्हणाले.

यात खोटं काहीच नव्हतं.

आज या गोष्टीला बरीच वर्षं झाली. ती वेबसाइट केव्हाच बंद पडली. मी आता पुण्यात असते. ताईच्या वाढदिवसाला दर वर्षी फोन करते आणि फोन उचलला, की मुद्दाम विचारते, "श्यामलाताई का?"

दर वर्षी पलीकडून हसू येतं आणि ती म्हणते, "मुग्धा होय? अगं, इथे कोण श्यामला?"

मला राग येतो, रडू येतं. पण मी ते नाव सोडलेलं नाही. कुणीतरी ते विचारत राहायला हवं. विचारायचंच थांबलं, तर मग ती कुठेच उरणार नाही, असं मला वाटतं.

मागच्या महिन्यात भव्याचा फोन आला. ती आता मोठी झालीय, नोकरी करते हेब्बाळला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि ती म्हणाली,

"मावशी, चिमी कोण गं?"

"आई दुपारी झोपली, की झोपेत हाक मारते. 'चिमे, चिमे' करते. कधी कधी रडते पण. उठल्यावर विचारलं, तर म्हणते, मला नाही माहीत कोणी चिमी. तुला ठाऊक आहे का?"

मी सांगणार होते. नाव ओठांवर आलं होतं.

आणि भव्याच्या मागून, तिच्या अगदी जवळून, मला ऐकू आलं...

टक्. टक्.

"नाही गं," मी म्हटलं. "असं कुणी नाही."

आणि फोन ठेवून दिला.

इतकी वर्षं मी ताईला हाका मारत होते. त्या दिवशी पहिल्यांदा तिची हाक माझ्यापर्यंत आली. आणि ती परतवून लावली ती मीच.

उद्या तिचा वाढदिवस आहे. फोन करणार आहे. पलीकडून उचलला गेला, की कुठलं नाव घ्यायचं, ते अजून माझं ठरलेलं नाही.